पंक्तिभेद आणि मतभेद

दुपारी एकच्या सुमारास आमच्या कचेरीत फायली मिटतात आणि डबे उघडतात. महाराष्ट्रापासून दोन रात्रींच्या प्रवासावर असलेल्या या गावी बदली होऊन आल्यावर जी सुखे अनपेक्षितपणे पदरी पडली, त्यांत या अर्ध्या-पाऊण तासाची गणना मी करतो. एका लांब मेजाभोवती सहा-सात प्रांतांची माणसे बसतात. कोणाच्या डब्यात इडली, कोणाच्या डब्यात मोहरी वाटून लावलेली मासळी, माझ्या डब्यात पोळी-भाजी. हात जेवणात गुंतले की जिभा मोकळ्या सुटतात. राखीव जागा, आंतरजातीय विवाह, नोकरी करणाऱ्या सुनांचा संसार, वृद्ध आईबापांची सोय, असा एकही सामाजिक प्रश्न नसेल की जो या मेजावर चिरून, फोडणी देऊन वाढला गेला नाही. वाद कधी कधी चढतात, पण दोन वाजता सारे हात धुऊन आपापल्या जागी परततात.

या मंडळीत एक मराठी सहकारी आहे. चर्चेत त्याच्याइतका तयारीचा भिडू दुसरा नाही. पण तो मेजाशी येतो तो रिकाम्या हाताने. आपला डबा तो आपल्या जागेवर बसून आधीच आटोपून येतो. एकदा मी सहज कारण विचारले. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, मतभेद मला सोसतात. डबा सरकवलेला सोसत नाही." पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या एका कचेरीत, शेजारी बसलेल्या गृहस्थाने काही न बोलता आपला डबा वीतभर पलीकडे सरकवला होता. एवढीच हकीकत. कोणी शब्द उच्चारला नव्हता, म्हणून तक्रारीलाही जागा नव्हती.

त्या एका वाक्याने मला जुन्या पुस्तकांकडे वळविले. एकत्र बसून बोलणे आणि एकत्र बसून जेवणे या दोन क्रिया आज आपणांस इतक्या जवळच्या वाटतात की त्या मुळात एकमेकींपासून फार दूर होत्या, हे आपण विसरून गेलो आहो. त्यांच्यामधील अंतर तोडावयास महाराष्ट्राला शे-सव्वाशे वर्षे लागली, आणि ते पुरते तुटले आहे असे छातीवर हात ठेवून आजही म्हणवत नाही.

जुन्या काळच्या आपल्या पंगतीचे स्वरूप प्रथम ध्यानी घ्यावे. पंगत हे बोलण्याचे ठिकाणच नव्हते. कर्मठ घरांत सोवळे नेसून, मौन धरून जेवीत. मोठ्या पंगतीत आवाज उठे तो श्लोकांचा, वाढप्यांच्या पुकाऱ्याचा, नाही तर यजमानाच्या आग्रहाचा. गावच्या बऱ्यावाईटाची चर्चा करावयाची ती पिंपळाच्या पारावर, चावडीत, देवळाच्या सभामंडपात किंवा घराच्या ओट्यावर. या जागी निरनिराळ्या जातींची माणसे एकमेकांचे शब्द ऐकू शकत, कारण शब्दाला विटाळ नव्हता. विटाळ होता पाण्याला आणि शिजलेल्या अन्नाला. म्हणून विचार पारावर आणि अन्न माजघरात, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

पंगत बोलत नसे, पण ती निवाडा मात्र करी. रोटी-व्यवहार आणि बेटी-व्यवहार या दोन दोऱ्यांनी जात बांधलेली होती, आणि त्यांपैकी रोज हाताशी येणारी दोरी रोटीची. एखाद्यास शासन करावयाचे असेल तर त्याला मारझोड करण्याची गरज नसे. त्याला पंगतीतून उठविले की पुरे. वाळीत पडलेल्या माणसाच्या घरी भटजी येईना, न्हावी येईना, लेकीला स्थळ मिळेना. ज्याचे मत न रुचले त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याचे पान बाजूला मांडणे हा फार सोपा उपाय होता. मतभेदाला पंक्तिभेदाने उत्तर देण्याची ही रीत आपल्या सामाजिक इतिहासाची एक किल्लीच आहे.

संतांना हे दुखणे कळले नव्हते असे नाही. एकनाथ अंत्यजाच्या घरी जेवावयास गेले, अशी कथा महिपतीने मोठ्या प्रेमाने सांगितली आहे. पंढरीच्या वारीची सांगता गोपाळकाल्याने होते, आणि त्या काल्याचे घास वारकरी एकमेकांच्या मुखी घालतात. पण काला हा वर्षाचा उत्सव. गावी परतल्यावर चूल वेगळी ती वेगळीच राहिली. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी राहिली, आणि त्यांच्या जातिबांधवांना मंदिरात प्रवेश मिळण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणास लावून उपोषण करावे लागले.

या जुन्या घडीला पहिला धक्का बसला तो मुंबईत, आणि तो विद्यार्थ्यांकडून. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेली पहिली पिढी १८४० नंतर वयात येत होती. तिच्यापुढे बाळशास्त्री जांभेकरांसारखा गुरू होता. त्यांनी १८३२ साली 'दर्पण' काढून मराठी माणसाला सार्वजनिक प्रश्नांवर लिहावयास आणि वाचावयास लावले. परंतु त्याच बाळशास्त्र्यांना १८४३ च्या सुमारास श्रीपाद शेषाद्री प्रकरणाला तोंड द्यावे लागले. हा ब्राह्मण मुलगा आपल्या थोरल्या भावाच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता आणि तेथे जेवला होता. भाऊ ख्रिस्ती झाला. श्रीपादला परत घेतला, पण जातीत घेणार कोण? त्याने धर्म सोडला नव्हता. त्याचा अपराध इतकाच की तो परक्याचे अन्न जेवला होता. बाळशास्त्र्यांनी शास्त्राधार शोधून, प्रायश्चित्त देववून त्याला शुद्ध करून घेतले आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. मुलाच्या मनात काय आहे, हा प्रश्न त्या सबंध वादात कोणाला फारसा महत्त्वाचा वाटला नाही. त्याच्या पोटात काय गेले आहे, एवढ्यावर सारा खल झाला.

१८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण अध्यापकांनी आपली साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन केली. दादाभाई नौरोजी यांच्यासारखे पुरुष तिच्यात होते. तिच्या मराठी शाखेला, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेला, दादोबा पांडुरंग तर्खडकर अध्यक्ष लाभले. या सभेत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई, आणि चर्चेतून पुढे मुलींच्या शाळाही निघाल्या. विद्यालयाच्या आवारात तरुणांनी जमून समाजाच्या प्रश्नांचा ऊहापोह करावा, ही प्रथा आपल्याकडे येथून रुजली असे म्हणावयास हरकत नाही. पण सभा संपली की पारशी, गुजराथी, प्रभू, ब्राह्मण असे सारे सभासद आपापल्या घरी जेवावयास जात. विचारांची पंगत एक आणि अन्नाच्या पंगती अनेक, असा हा प्रकार होता.

ही विसंगती ज्यांना बोचली त्यांनी १८४९ साली परमहंस मंडळी स्थापन केली. यांत पुढाकार पुन्हा दादोबांचाच. त्यापूर्वी १८४४ मध्ये सुरतेस असताना त्यांनी दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्यासह मानवधर्म सभेचा प्रयोग करून पाहिला होता. परमहंस मंडळीचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते. बैठकी गुप्तपणे भरत. एकेश्वराची प्रार्थना होई, जातिभेद, मूर्तिपूजा, विधवाविवाह या विषयांवर बोलणे होई. पण नव्या सभासदाला आत घेताना नुसत्या मतावर भागत नसे. ख्रिस्ती भटारखान्यात भाजलेला पाव त्याला खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. जातीने जी खूण बहिष्काराची म्हणून वापरली तीच या तरुणांनी प्रवेशाची खूण केली. जिभेने जे मान्य केले ते घशाखाली उतरते की नाही, हे पाहण्याची ती कसोटी होती.

आज पावाच्या तुकड्याचे आपणांस हसू येईल. मुंबईत तर तो गरिबाचा घास आहे. त्या काळी मात्र त्या तुकड्याने माणसाचे आईबाप, बायकामुले, वतन, घरदार, सर्व काही तुटण्याचा धोका होता. म्हणूनच गुप्ततेची शपथ होती, आणि हीच शपथ या मंडळीचे मरण ठरली. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, नावे बाहेर फुटण्याचा बोभाटा झाला आणि मंडळीची दाणादाण उडाली. बाबा पदमनजी हे काही काळ या मंडळीत होते. पुढे ते ख्रिस्ती झाले, आणि 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी या दिवसांचे वर्णन केले आहे. त्यांनी प्रकटपणे धर्म बदलला आणि त्याचे परिणाम भोगले. मंडळीतील बहुतेकांना मात्र जेवणात बंड आणि घरात शांतता अशी दोन्ही हवी होती. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण पंचविशीच्या आतबाहेरचे हे तरुण सबंध समाजाच्या पंगतीसमोर एकटे उभे होते, हेही विसरू नये.

या अनुभवाने पुढच्यांना सावध केले. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थनासमाज निघाला. त्याचे काम उघड होते, प्रार्थना उघड होती, पण जात सोडण्याची अट त्याने सभासदांवर घातली नाही. गुप्ततेबरोबर कसोटीही गेली. इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी निराळाच मार्ग धरला. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. निबंध नाही, ठराव नाही. ज्याला तहान लागली आहे त्याने यावे आणि पाणी भरावे. सुशिक्षितांच्या सभांना जो प्रश्न चर्चेचा वाटत होता तो जोतीरावांनी आपल्या अंगणात सोडवून टाकला.

पुण्याच्या सुशिक्षितांची परीक्षा पुढे १८९० साली झाली, आणि ती चहाच्या पेल्याने घेतली. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव हे मोठे विक्षिप्त गृहस्थ होते. समाजाचे ढोंग उघडे पाडण्यात त्यांना एक प्रकारचा आसुरी आनंद वाटे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी शहरातील नामांकित मंडळींना व्याख्यानाच्या निमित्ताने पंच हौद मिशनमध्ये जमविले. रानडे, टिळक, गोखले अशी माणसे तेथे होती. बोलणे आटोपल्यावर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी यजमानाचा मान राखण्यासाठी पेला नुसता हाती धरला. गोपाळरावांनी मग साऱ्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली. परमहंसांची वही चोराने पळविली होती. येथे यजमानानेच ती चव्हाट्यावर मांडली.

पुढे जे ग्रामण्य माजले ते पुण्याला दोन वर्षे पुरले. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली. चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. कोणी चहा प्याला, कोणी पेला केवळ स्पर्शिला, बिस्किट कोणी तोडले, यांवर पंडितांचे वादविवाद झाले. टिळकांनी धर्मशास्त्राच्या आधाराने आपली बाजू मांडली आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. आपल्यापायी मित्रांच्या घरी जे हाल चालले होते ते त्यांना पाहवेनात, असा या घटनेचा उलगडा रमाबाई रानड्यांच्या आठवणींवरून होतो. तरुण सुधारकांना ही माघार फार लागली. जो पुरुष १८८७ पासून सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावरून साऱ्या हिंदुस्थानास सुधारणेचा मार्ग दाखवीत होता, त्याने एका चहासाठी पंचगव्य घ्यावे!

मला या प्रसंगाचा राग येत नाही, वाईट वाटते. रानड्यांच्या बुद्धीला कोणतेही शास्त्र थोपवू शकले नसते. त्यांना थोपविले ते मित्रांच्या घरातील बायकांच्या डोळ्यांतील पाण्याने. सणाला माहेरी बोलावणे येत नाही, श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, मुलीचे लग्न अडून बसले आहे. सुधारकाच्या मताची किंमत त्याच्या घरातील माणसे भरीत होती, आणि ती मते त्या माणसांना कोणी विचारली नव्हती. पंक्तिभेदाचे शस्त्र इतके प्रभावी का होते याचे उत्तर येथे आहे. ते मत मांडणाऱ्यावर उगारले जाई, पण घाव त्याच्या आप्तांवर पडे.

याच काळातील दुसऱ्या एका प्रथेकडे इतिहासकारांचे लक्ष कमी जाते. ती म्हणजे वार लावून जेवण्याची प्रथा. खेड्यांतून पुण्यास शिकावयास आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी सात वारांना सात घरी जेवे, किंवा माधुकरी मागे. या प्रथेने कित्येक पिढ्या शिकल्या आणि तिचे उपकार नाकारू नयेत. परंतु तिची दुसरी बाजू अशी की ज्याचे सात वार सात घरी, त्याला आठवे मत असणे परवडत नसे. विधवाविवाह योग्य असे विद्यार्थ्याने म्हटले की बुधवारचे घर बंद. ब्राह्मणेतर आणि अस्पृश्य मुलांना तर हाही आसरा नव्हता. म्हणून वसतिगृहे निघाली तेव्हा त्यांनी नुसती राहण्याची सोय केली असे नव्हे. विद्यार्थ्याचे पोट त्यांनी यजमानाच्या मर्जीतून सोडविले, आणि मगच त्याची जीभ मोकळी झाली.

या कार्यात कोल्हापूरचे शाहू छत्रपती अग्रणी होते. १९०१ पासून त्यांनी वसतिगृहांची मालिकाच उभारली. ती जातवार होती हे खरे. त्या काळी मुलगा घरातून बाहेर पडावा एवढे साधण्यासही तीच वाट होती. स्वतः महाराज मात्र गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थाच्या चहाच्या दुकानाशी गाडी थांबवीत आणि बरोबरच्या मंडळींसह तेथे चहा घेत. राजाने चहा घेतल्यावर दरबाऱ्यांना तो कडू लागून कसे चालेल?

याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास तो गेला. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान कर म्हणून सांगितले असता त्याने नकार दिला, आणि वसतिगृहातून त्याला निघावे लागले. त्या मुलाने पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह उभे केले की जेथे महार, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवीत. १९२७ साली गांधीजींच्या उपस्थितीत त्याला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. समतेवर व्याख्याने पुष्कळ झाली होती. भाकरीच्या पिठाची तजवीज करणारे मात्र थोडे निघाले.

आता आपणां परप्रांतस्थ नोकरदारांनी मुद्दाम स्मरणात ठेवावा असा एक प्रसंग सांगतो. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन करून आणि लंडनचे अर्धवट ठेवून एक मराठी तरुण बडोद्यास नोकरीवर रुजू झाला. बडोद्याचे नरेश सयाजीराव महाराज मराठी, गुणग्राहक आणि अस्पृश्योद्धाराचे कैवारी. तरुणाच्या परदेशी शिक्षणास त्यांनीच साहाय्य केले होते. पण राजाची आज्ञा आणि कारकुनाचा हात यांत अंतर असते. कचेरीतील शिपाई त्याच्या मेजावर फायली लांबून टाकीत, आणि तेथील पिण्याचे पाणी त्याला मिळत नसे, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. राहावयास जागा मिळेना म्हणून तो एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून उतरला. ते उघडकीस येताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. अमेरिकेतील आणि इंग्लंडातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहो हे आपण विसरूनच गेलो होतो, असे डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहिले आहे. गावापासून दूर, बदलीच्या ठिकाणी, कचेरीच्या पाण्याच्या माठाने त्यांना ते पुन्हा शिकविले.

दहा वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर याचे उत्तर मिळाले. परिषदेत भाषणे झाली, ठराव झाले, आणि मग सारा समुदाय तळ्यावर जाऊन पाणी प्याला. चर्चा आणि घोट यांची गाठ इतक्या उघडपणे यापूर्वी कोणी मारली नव्हती. परतलेले प्रतिनिधी मंडपात जेवत असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचे अन्न मातीत कालविले गेले. हल्लेखोरांनी भाषणांच्या वेळी दंगा न करता जेवणाच्या वेळी केला, यांत काकतालीय न्याय असेलही. पण कोणता क्षण जुन्या व्यवस्थेला अधिक झोंबतो, हे त्यातून आपोआप दिसून आले.

पुढील दशक सहभोजनांचे होते. १९२७ साली स्थापन झालेल्या समाज समता संघाने मुंबईत ती घडवून आणली. रत्नागिरीत सावरकरांनी १९३० पासून सहभोजने केली आणि १९३३ साली सर्व हिंदूंसाठी उपाहारगृह काढले. 'निर्भीड'कार अनंत हरी गद्रे यांनी तर अस्पृश्य दांपत्याच्या हातून सत्यनारायण पुजवून झुणका-भाकरीचा प्रसाद सर्वांना वाटण्याचा सपाटा लावला, आणि त्यांना 'समतानंद' ही पदवी मिळाली. महाराष्ट्राबाहेरही हे वारे होते. कोचीन राज्यात चेराई येथे १९१७ सालीच अय्यप्पन या तरुणाने ईळव आणि पुलय यांची एक पंगत मांडली. स्वजातीयांनी त्यास 'पुलय अय्यप्पन' म्हणून हिणविले. त्याने ते नाव भूषण म्हणून मिरविले, आणि पुढे 'सहोदरन' अय्यप्पन या नावाने तो मान्यता पावला.

मात्र या साऱ्या उत्साहावर थंड पाणी ओतणारा विचारही याच काळात पुढे आला, आणि तो बाहेरच्याने नव्हे, महाडच्याच नायकाने मांडला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण मंडळाने परिषदच रद्द केल्याने न झालेल्या आणि स्वतः छापून प्रसिद्ध केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सहभोजनाची मर्यादा रोखठोक दाखवून दिली. जेथे रोटी-व्यवहार आहे तेथेही जात शिल्लक आहे. सहभोजनाने तिचा कणा मोडत नाही. मिश्रविवाह झाल्यावाचून, आणि जातीला पवित्र मानणाऱ्या ग्रंथप्रामाण्यावर घाव घातल्यावाचून ती मरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. समारंभाने एक दिवस जेवावे आणि फोटो काढून घरी जावे, यावर त्यांचा विश्वास नव्हता. हा आक्षेप आजही निरुत्तर करणारा आहे. तथापि मला त्यात एक पुस्ती जोडावीशी वाटते. सहभोजनाने जात मेली नाही हे खरे. पण सहभोजन नाकारण्याने ती रोज नव्याने जन्मते, हेही तितकेच खरे.

समारंभांनी जे साधले नाही त्यातील थोडेबहुत काळाच्या रेट्याने साधले. १८९० साली पुणे चहावरून पेटले होते, आणि त्याच सुमारास मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी घरचे डबे कचेऱ्यांत पोचविण्याचा धंदा चालू केला. हा डबा मोठा दुटप्पी आहे. आपल्या जातीच्या, आपल्या चुलीवरच्या अन्नाखेरीज घशाखाली घास न उतरणाऱ्या माणसालाही शहरात नोकरी करता यावी, ही सोय त्याने केली. त्या अर्थी तो सोवळ्याचा रक्षक. पण सोवळ्याचे चार डबे एका मेजावर उघडले की वास एकमेकांत मिसळतात, लोणच्याची फोड इकडून तिकडे जाते, "जरा चव बघा" असा आग्रह होतो. त्या अर्थी तो सोवळ्याचा मारेकरी. इराण्याच्या हॉटेलातील चहाने हेच केले. पेला कोणाचा उष्टा, हे विचारण्यास गिऱ्हाइकाला वेळ नव्हता. खेड्यांतील चहाच्या दुकानांत मात्र अस्पृश्यांची कपबशी निराळी ठेवलेली असे, आणि ती आपली आपण विसळून ठेवावी लागे.

अखेर राज्यघटनेने सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंधराव्या कलमात उपाहारगृहांचा नावानिशी उल्लेख केला. घटनाकारांना हॉटेलचा उल्लेख करावा लागला, यातच आमच्या पंगतीचा इतिहास आला. १९५५ साली तसा कायदाही झाला. पण कायदा हॉटेलचा दरवाजा उघडू शकतो. वीतभर सरकलेल्या डब्याला कोणते कलम लावणार?

हा प्रश्न जुना झाला असे मानू नये. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ साली अहवाल दिला. त्यात वसतिगृहातील आणि भोजनगृहातील दुराव्याची नोंद आहे. पवईच्या तंत्रशिक्षण संस्थेत २०२३ साली भोजनगृहातील काही मेजे शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवण्यावरून विद्यार्थ्यांत वाद झाला. शाकाहार ही ज्याची त्याची निष्ठा आहे आणि तिचा आदर व्हावा. पण मेज वेगळे मांडले जाते तेव्हा ताटातील पदार्थापेक्षा ताटापुढील माणूस वेगळा पडत नाही ना, ही शंका काढणाऱ्याला आपल्या इतिहासाचा आधार आहे. त्या आवारांत जातीवर परिसंवाद होत नसतील असे नाही. ते एल्फिन्स्टनच्या सभेतही होत होते.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. पुरीच्या महाप्रसादाला जातीचा विटाळ नाही हे आपण पाहतो, अमृतसरच्या लंगरात कोण शेजारी बसले हे न विचारता जेवतो, आणि घरी पत्र लिहिताना त्याचे कौतुक करतो. मग आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातील महाप्रसादाकडेही एकदा त्याच डोळ्यांनी पाहावे. गावातील मराठी सफाई कामगार, शिपाई, फौजेतील जवान यांच्यापर्यंत आमंत्रण जाते का? गेले तर ती मंडळी पंगतीला बसतात, की वाढणाऱ्यांत आणि भांडी घासणाऱ्यांतच दिसतात? परमुलखी मराठीपण राखावयाचे तर कोणते राखावयाचे, पुण्याच्या ग्रामण्याचे की साताऱ्याच्या वसतिगृहाचे, हे ठरविणे आपल्या हाती आहे.

हे सारे वाचून झाल्यावर एके दिवशी मी आमच्या त्या सहकाऱ्याला म्हटले, "उद्या डबा मेजावर आणा." तो म्हणाला, "आणीन. पण तुम्ही सांगितले म्हणून आणला, असे व्हावयास नको." मी निरुत्तर झालो. निमंत्रण देणारा मी कोण? मेज सरकारचे, आणि त्यावर बसण्याचा त्याचा अधिकार माझ्याइतकाच. दुसऱ्या दिवशी मी माझा डबा उचलला आणि त्याच्या जागी जाऊन बसलो. त्याने काही न बोलता आपल्या कागदांचा गठ्ठा बाजूला केला आणि ज्वारीच्या भाकरीचा चतकोर माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला. थोड्या वेळाने आमचे बंगाली मित्र आपली मासळी घेऊन तेथेच आले, कारण कालचा वाद अर्धवट राहिला होता. वाद पुन्हा पेटला. त्या दिवशी माझे आणि त्या सहकाऱ्याचे एकाही मुद्द्यावर जमले नाही.